शाळांच्या जाळ्यासाठी व्हिडिओ: आधी वेळापत्रक, मग सर्व्हर

ठाण्यातील एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या शाखांना एकमेकींचे तास पाहता यावेत अशी एक योजना सध्या आकार घेत आहे आणि तिच्या तांत्रिक आराखड्यात मी मदत करतो आहे. संस्थेचे मुख्य महाविद्यालय ठाणे पश्चिमेला आहे. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे आणि पनवेल येथे कनिष्ठ महाविद्यालये आहेत आणि शहापूर व मुरबाड तालुक्यांत एकेक शाखा आहे. अडचण सरळ आहे. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित शिकवणारे अनुभवी प्राध्यापक ठाण्यात आहेत, तर मुरबाडला ही पदे बराच काळ रिकामी आहेत. ठाण्यातला तास तिकडे दिसावा, एवढीच संस्थाचालकांची अपेक्षा. माझ्याकडे विषय आला तेव्हा त्याच्यासोबत एका पुरवठादाराचे कोटेशनही आले: दोन मोठे सर्व्हर, फोर-के कॅमेरे, सर्व शाखांना लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखीव इंटरनेट जोडणी) आणि वार्षिक देखभालीचा करार. मी ते बाजूला ठेवले आणि सातही ठिकाणांची वेळापत्रके मागवली.

असे करण्याला कारण होते. व्हिडिओच्या यंत्रणेवर किती भार येईल हे पटावरच्या विद्यार्थिसंख्येवरून कळत नाही. एका वेळी किती ठिकाणी आणि किती स्वतंत्र प्रती पाठवाव्या लागतील यावर तो भार ठरतो, आणि शिक्षणसंस्थेत ही माहिती वेळापत्रकाखेरीज दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडत नाही. मुरबाडच्या वर्गात साठ विद्यार्थी एका टीव्हीसमोर बसून तास पाहत असतील, तर नेटवर्कच्या लेखी तो एकच प्रेक्षक असतो. तेच साठ विद्यार्थी संध्याकाळी घरी आपापल्या फोनवर तो तास उघडतात, तेव्हा साठ प्रेक्षक होतात. फळ्यावरच्या तासासाठी ७२० ओळींचे चित्र आणि स्वच्छ आवाज मिळून १.५ एमबीपीएस (सेकंदाला दीड मेगाबिट) पुरतात. सहाही शाखांत एकेक वर्ग एकाच वेळी पाहत असेल, तरी ठाण्याहून बाहेर जाणारा प्रवाह ९ एमबीपीएसच होतो. एवढे काम चांगले ब्रॉडबँड आणि एक बऱ्यापैकी संगणक आरामात करतो. पुरवठादाराने मात्र संस्थेची एकूण विद्यार्थिसंख्या घेऊन तिला या दराने गुणले होते, हे कोटेशनमागच्या आकडेमोडीवरून स्पष्ट दिसत होते.

वेळापत्रके हाती आल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली, आणि माझ्या मते सगळा आराखडा तिच्यावरच उभा आहे. ठाण्याचे कनिष्ठ महाविद्यालय सकाळी सातला भरते आणि बाराच्या आत सुटते, कारण दुपारी त्याच खोल्यांत वरिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग असतात. कळवा आणि पनवेल सकाळच्याच सत्रात आहेत. ऐरोली आणि कोपरखैरणे दुपारच्या सत्रात आहेत. शहापूर आणि मुरबाड साडेदहानंतर भरतात, कारण पाड्यांवरून येणाऱ्या मुलांची एसटी त्याआधी पोहोचत नाही. ठाण्यात भौतिकशास्त्राचा तास सकाळी साडेसातच्या सुमारास असतो आणि त्या वेळी मुरबाडच्या वर्गाला कुलूप असते. म्हणजे ज्या शाखांसाठी ही सारी खटपट चालली आहे, त्यांना थेट प्रक्षेपण पाहताच येणार नाही. ठाण्याचे वेळापत्रक बदलावे, असे एका बैठकीत सुचवले गेले. पण मुरबाडच्या टीव्हीसाठी ठाण्याच्या पाचशे मुलांची लोकल बदलणे कुणालाच पटले नाही, आणि ते योग्यच झाले.

वेळेचा हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम असत, आणि ठरलेल्या वेळी संचासमोर हजर राहणे प्रेक्षकाला भाग होते. २००४ च्या सप्टेंबरमध्ये केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट अवकाशात गेला. उपग्रहाची खुबी अशी, की एक तबकडी वाढली काय किंवा हजार वाढल्या काय, पाठवणाऱ्याचा खर्च तसूभरही वाढत नाही. त्याची मर्यादा अशी, की वेळ पाठवणाराच ठरवतो. २०१७ मध्ये ३२ डीटीएच वाहिन्यांनी सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’ने यावर साधा तोडगा काढला: रोज किमान चार तासांचा नवा मजकूर आणि दिवसभरात त्याची आणखी पाच पुनःप्रक्षेपणे, म्हणजे ज्याला जी वेळ सोयीची त्याने त्या वेळी पाहावे. चार तास सहा वेळा दाखवून चोवीस तास भरून काढणारी ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे उपग्रह नसून तारा आहेत, त्यामुळे पुनःप्रक्षेपणाचीही गरज नाही. शाखेत प्रत ठेवली की काम झाले.

ठाण्यातल्या इमारतींत पाणी ठरलेल्या वेळी येते, टाकी भरून घेतली जाते आणि नळ दिवसभर चालतो. व्हिडिओचेही तेच करायचे. प्रत्येक शाखेत एक छोटा संगणक आणि त्यात दोन टेराबाइटची डिस्क ठेवायची. ठाण्यातले दिवसाचे तास संध्याकाळी तपासून, नीट नाव देऊन एका फोल्डरमध्ये जातात, आणि रात्री अकरानंतर शाखेचा संगणक त्यातले नवे तेवढे ओढून घेतो. हिशेब असा: आठ बिटांचा एक बाइट धरून १.५ एमबीपीएसने एका तासाचा व्हिडिओ ६७५ मेगाबाइटचा होतो. रोज पाच तास धरले तर सुमारे ३.४ गिगाबाइट. मुरबाडच्या लाइनचा खरा वेग ४ एमबीपीएस एवढाच मिळाला तरी ही नक्कल दोन तासांच्या आत पूर्ण होते, आणि रात्री लाइन मध्येच तुटली तर जिथे थांबली तिथून पुढे सुरू करता येते. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर पावणेसातशे गिगाबाइट होतात, म्हणजे डिस्क जवळजवळ तीन वर्षे पुरते. साठवणुकीविषयी याहून अधिक विचार करण्यासारखे काही नाही. मूळ चित्रण ठाण्यात दोन वेगळ्या डिस्कांवर राहील, एवढी दक्षता पुरेशी आहे.

‘४ एमबीपीएसच्या लाइनवर दीड एमबीपीएसचा थेट तास बसतो की!’ असे यावर कोणी म्हणेल. कागदावर तो बसतो. परंतु शाखेत तीच लाइन कार्यालयालाही असते. पगाराच्या दिवसांत लिपिक ‘शालार्थ’ हे वेतनाचे संकेतस्थळ उघडून बसलेले असतात, शिष्यवृत्तीच्या मुदतीच्या आठवड्यात महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांची कागदपत्रे चढवली जात असतात, आणि दुपारी कोणाच्या तरी फोनने आपोआप अपडेट घ्यायला सुरुवात केलेली असते. थेट प्रवाहाला प्रत्येक सेकंदाला आपला वाटा मिळावाच लागतो, रात्रीच्या नकलेला मात्र पहाटेपर्यंत केव्हाही मिळाला तरी चालतो. या एका फरकामुळे शाखांच्या लीज्ड लाइनचा वार्षिक खर्च कोटेशनमधून वगळता आला. शिवाय लाइन आठवडाभर बंद पडली तरी मार्ग आहे. ६४ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर नव्वदहून अधिक तास मावतात, आणि कल्याणहून एसटीने मुरबाडला जाणारे दोन शिक्षक संस्थेत आहेतच. हे सांगितल्यावर बैठकीत हशा पिकला, पण आराखड्यात ते कलम लेखी आहे.

मग थेट प्रक्षेपण अजिबात नको का? काही ठिकाणी हवे, आणि ते कुठे हवे हेही वेळापत्रकच सांगते. मुरबाडच्या मुलाने टीव्हीवर पाहिलेला तास समजला नाही, तर त्याला विचारता आले पाहिजे. त्यासाठी आठवड्यातून एक शंकांचा तास ठरवायचा. सर्व शाखांच्या वेळा शनिवारी साडेदहानंतरच्या एका पट्ट्यात जुळतात. हा तास दुतर्फी असावा लागतो, आणि इथे विलंबाचा मुद्दा निर्णायक ठरतो. वेबसाइटवरचे बहुतेक व्हिडिओ ज्या एचएलएस पद्धतीने येतात ती ॲपलने २००९ मध्ये आणली. तिच्यात व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून साध्या फायलींप्रमाणे पाठवतात. तुकडा सहा सेकंदांचा ठेवला आणि प्लेअरने सुरुवातीला तीन तुकडे गोळा केले, तर अठरा सेकंद तिथेच गेले. एन्कोडिंग (चित्र आकुंचित करून पाठवण्याजोगे करणे) आणि प्रवास धरून हा विलंब वीस-पंचवीस सेकंदांवर जातो. सरांनी ‘समजलं का?’ विचारावे आणि ‘हो सर’ पुढच्या उदाहरणाच्या मध्यावर ऐकू यावे, असा तो प्रकार होतो. तुकडे लहान करून विलंब दोन ते पाच सेकंदांवर आणण्याच्या नव्या पद्धती आहेत, पण संभाषणासाठी तेवढाही जास्तच. बोलण्यात अडखळल्यासारखे वाटू नये म्हणून एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. तिथे वेबआरटीसीवर, म्हणजे ब्राउझरमधून थेट संभाषण करण्याच्या पद्धतीवर, चालणारी जित्सी किंवा बिगब्लूबटन यांसारखी मुक्त प्रणाली लागते. तासासाठी एक पद्धत आणि शंकांसाठी दुसरी, असे दोन मार्ग वेगळे ठेवले की दोन्ही स्वस्त पडतात. दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घेण्याचा आग्रह धरला की ते यंत्र महाग होते आणि कुठलेच काम धड करत नाही.

ठाण्याच्या मुख्य आवारातला प्रश्न याहून वेगळा आहे. प्राचार्यांचे सत्रारंभाचे भाषण, एखाद्या पाहुण्यांचे व्याख्यान किंवा सभागृहात न मावणारा एकत्रित तास एकाच वेळी चाळीस खोल्यांत दाखवायचा असतो. आवारात जागा भरपूर म्हणून चित्र ४ एमबीपीएसचे घेतले, तर चाळीस स्वतंत्र प्रतींना १६० एमबीपीएस लागतात. इथे मल्टिकास्ट उपयोगी पडते. स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडलेली ही कल्पना १९८९ च्या आरएफसी १११२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नोंदलेली आहे: पाठवणारा एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर पाठवतो, आणि ज्या खोलीला हवी तिच्याकडे जाणाऱ्या तारेवर स्विच (आवारातल्या तारा एकत्र जोडणारी पेटी) तिची नक्कल करतो. सर्व्हरकडून निघणारा प्रवाह चारच एमबीपीएसचा राहतो, खोल्या चाळीस असोत वा चारशे. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते राखीव आहेत, त्यांतलाच एखादा घ्यावा.

मात्र दोन गोष्टी पाळाव्या लागतात. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या खोलीने प्रवाह मागितला आहे हे ऐकून ठेवण्याची सोय, चालू असले पाहिजे, अन्यथा स्विच हा प्रवाह प्रत्येक पोर्टवर ओततो आणि कार्यालयातला छपाईयंत्राचा पोर्टही भौतिकशास्त्र ऐकत बसतो. आणि स्नूपिंग चालू केले की आवारात कोणीतरी ‘क्वेरिअर’ म्हणून नेमावा लागतो, जो दर सव्वादोन मिनिटांच्या आत ‘अजून कोणाला हवे आहे का?’ असे विचारत राहील. क्वेरिअर नसेल तर मोठा गमतीशीर दोष दिसतो: सगळ्या खोल्यांत चित्र व्यवस्थित सुरू होते आणि काही मिनिटांनी एकदम नाहीसे होते. आयजीएमपीच्या नेहमीच्या ठरावीक मूल्यांनुसार गटाची नोंद २६० सेकंद टिकते, नवी चौकशी झाली नाही की स्विच ती पुसून टाकतो. चाचणी दोनच मिनिटांची घेतली तर हा दोष कधीच सापडत नाही, म्हणून आवारातली प्रत्येक चाचणी किमान दहा मिनिटांची असावी असे मी लिहून ठेवले आहे. दुसरी गोष्ट वाय-फायची. तारेवर सुरेख चालणारे मल्टिकास्ट वाय-फायवर आले की ॲक्सेस पॉइंट ते सर्वांत मंद दरांपैकी एकाने पाठवतो, आणि पोहोचल्याची पावतीही घेत नाही; त्यामुळे चित्र फाटते आणि इतरांचेही वाय-फाय रेंगाळते. म्हणून ज्या खोलीत टीव्ही, त्या खोलीत तार गेलीच पाहिजे. कॅट-६ तारेची मर्यादा १०० मीटर आहे, त्यापलीकडच्या इमारतीसाठी फायबर. आवाराबाहेर, सार्वजनिक इंटरनेटवर, मल्टिकास्टचा काही उपयोग नाही. सेवादार ते पुढे नेत नाहीत.

घरी पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा भार सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे वेळापत्रक नसते. किंवा असते, पण ते परीक्षा मंडळाच्या हाती असते. वर्षभर संध्याकाळी थोडे थोडे विद्यार्थी तास पाहतील आणि बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री सगळे एकदम येतील. समजा दोन हजारांपैकी पाचशे विद्यार्थी एकाच वेळी आले. प्रत्येकाने १.५ एमबीपीएसचे चित्र मागितले तर ७५० एमबीपीएस लागतात, ०.४ चे मागितले तरी २०० लागतात. वर्षातल्या दहा-पंधरा रात्रींसाठी संस्थेने एवढी लाइन बाळगणे म्हणजे पैशांची नासाडी आहे. घरच्या प्रेक्षकांना संस्थेच्या आवारातून काहीही पुरवू नये, या मतावर मी ठाम आहे. ते काम भाड्याच्या क्लाउडवर किंवा एखाद्या मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळाच्या खासगी दुव्यावर सोपवावे. या सेवांच्या प्रती मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यांत आधीच जवळ ठेवलेल्या असतात.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्याकडे बहुधा रोज दीड गिगाबाइटचा पॅक असतो, आणि कित्येक घरांत तो फोन भावंडांत वाटलेला असतो. पूर्ण दर्जाचे दोन तास पाहिले की १.३५ गिगाबाइट संपले. म्हणून प्रत्येक तासाच्या चार प्रती तयार कराव्या लागतात: ७२० ओळींची १.५ एमबीपीएसची, ४८० ओळींची ०.८ ची, ३६० ओळींची ०.४ ची आणि केवळ आवाजाची ४८ केबीपीएसची. शेवटच्या प्रतीचा तास २२ मेगाबाइटच्या आत बसतो, आणि इतिहासाच्या किंवा मराठीच्या तासाला ती पुष्कळ वेळा पुरते. सगळ्या प्रतींतली कीफ्रेम (आधीच्या चित्रांवर न विसंबणारे पूर्ण चित्र) एकाच क्षणी, दर दोन सेकंदांनी आली पाहिजे, नाहीतर प्लेअर एका दर्जावरून दुसऱ्यावर जाताना हिसका बसतो. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत मी जुन्यालाच धरून आहे. २००३ चा एच.२६४ प्रत्येक फोनच्या चिपमध्येच बसवलेला असतो. २०१८ चा एव्ही१ कमी डेटात तेवढेच चित्र देतो, पण स्वस्त फोनवर त्याचा सारा भार प्रोसेसरवर पडून बॅटरी उतरते. जुन्या फोनवर शिकणाऱ्या मुलांची यंत्रणा नव्या फोनवर बेतू नये.

आता चित्रणाकडे येतो. कोटेशनमध्ये सर्वाधिक पैसे कॅमेऱ्यांवर होते आणि माइकसाठी एक मोघम ओळ होती. हे प्रमाण उलटे हवे. चित्र अधूनमधून अडले तरी विद्यार्थी तास पुढे ऐकतो. आवाज घुमू लागला की दहा मिनिटांत वर्ग चुळबुळ करू लागतो. कॅमेऱ्यातला माइक मागच्या भिंतीशी असतो, आणि उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तर पंख्याची घरघर आणि खोलीतला प्रतिध्वनी मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणून कॉलर माइक अनिवार्य आहे, हनुवटीपासून वीतभर अंतरावर. ठाण्याच्या ज्या खोलीत चित्रण होणार आहे ती रेल्वेच्या बाजूला असल्याने आम्ही ती बदलून आवाराच्या आतल्या अंगाची घेतली आणि मागच्या भिंतीला जाड पडदे लावायला सांगितले. त्या पडद्यांइतका फरक कुठल्याही यंत्राने पडला नसता.

फळ्याचेही एक गणित आहे. तासाच्या व्हिडिओत चित्राचा बहुतेक भाग स्थिर असतो आणि एन्कोडर स्थिर भागावर फार बिट खर्च करत नाही, म्हणूनच दीड एमबीपीएस पुरतात. चौकटीत फिरणारा पंखा, वाऱ्याने हलणारा पडदा किंवा लुकलुकणारी ट्यूबलाइट आली की हे बिट तिकडे जातात आणि फळ्यावरची अक्षरे पुसट होतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर १/५० वर ठेवावा. ३० चित्रे आणि १/६० शटरच्या तयार जुळणीत दिव्यांचे पट्टे सरकताना दिसतात. आणि संपूर्ण फळा चौकटीत घेण्याचा मोह आवरावा. ३६० ओळींच्या प्रतीत उणे चिन्ह, घातांक आणि देवनागरीतले अनुस्वार व रफार प्रथम नाहीसे होतात. फळ्याचा निम्माच भाग घेऊन शिक्षकांना तेवढ्यात लिहायला सांगणे हा एक उपाय आहे. मला स्वतःला याहून चांगला वाटतो तो टेबलावर कागद ठेवून वरून कॅमेरा लावण्याचा: जाड पेनने कागदावर सोडवलेले गणित सर्वांत छोट्या प्रतीतही वाचता येते. मात्र आयुष्यभर फळ्यासमोर उभ्याने शिकवलेल्या माणसाला खुर्चीत बसवले की त्याचा आवाजच बदलतो, म्हणून हा निर्णय त्या त्या शिक्षकावर सोडला आहे.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, त्यामुळे नवी मुंबईत इंटरनेटची चिंता नाही असा एक समज आहे. डेटा सेंटर शेजारी असल्याने शाळेच्या गल्लीतली तार सुधारत नाही. पावसाळ्याआधी रस्ते खणले जातात तेव्हा तुटणारी तार ही शेवटच्या काहीशे मीटरांतलीच असते. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणून सुरक्षितता आली असेही होत नाही, कारण कित्येकदा दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आलेल्या असतात. ठाणे खाडी ओलांडण्याच्या जागा तर मोजक्याच आहेत. म्हणून मुख्य महाविद्यालयासाठी दुसरी लाइन घेताना दोन्ही कंपन्यांकडून तारेचा मार्ग नकाशावर लेखी मागावा, असे आराखड्यात आहे. विजेच्या बाबतीत महावितरण अनेक भागांत देखभालीसाठी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी काही तास पुरवठा बंद ठेवते. तो दिवस शाखेकडून विचारून घेऊन वेळापत्रकात खूण करून ठेवली आहे. प्रोजेक्टरला दोन-तीनशे वॉट लागतात आणि छोटा यूपीएस त्याला काही मिनिटेच चालवतो, तर एलईडी टीव्ही साधारण शंभर वॉटच्या आत चालतो आणि शाखेतल्या इन्व्हर्टरवर पूर्ण तास निघतो. शाखांसाठी टीव्हीच घ्यावा हा निर्णय दिव्याच्या उजेडावरून झाला नाही, तो बॅटरीवरून झाला.

यापुढचा भाग यंत्रांचा नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातल्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा झाल्या, तेव्हा शिक्षक आपापल्या जवळच्या महाविद्यालयात जमत आणि पवईहून व्याख्यान येई. त्या रचनेतली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की प्रत्येक केंद्रावर एक समन्वयक असे आणि त्याला आधी आयआयटीत बोलावून तयार केलेले असे. दूरच्या टोकाला विषय थोडाफार जाणणारा माणूस उभा असेल तर पडद्यावरचा तास हा तास होतो. तो नसेल तर विद्यार्थी टीव्ही पाहतात. म्हणून शाखेच्या वेळापत्रकात दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक तासापुढे त्या शाखेतल्या एका शिक्षकाचे नाव असले पाहिजे. तो गणिताचा नसला तरी चालेल, पण व्हिडिओ थांबवून ‘इथपर्यंत वहीत उतरवा’ असे सांगणारा हवा. शाखेतच प्रत असल्यामुळे तास थांबवता येतो, मागे नेता येतो. थेट प्रक्षेपणात हे शक्यच नव्हते.

संमतीचे प्रश्न लवकर मिटले. कॅमेरा विद्यार्थ्यांकडे वळणार नाही आणि शंकांच्या तासाचे रेकॉर्डिंग होणार नाही, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि अकरावी-बारावीची जवळजवळ सर्व मुले त्यात येतात. शिक्षकांकडून मात्र लेखी संमती घेतली आहे, आणि नोकरी सोडल्यानंतर त्यांचे तास किती वर्षे दाखवता येतील हेही तीत नमूद केले आहे. उपशीर्षकांचे काम मागे राहिले आहे. निदान शास्त्राच्या संज्ञा मराठी व इंग्रजी दोन्हींत पडद्यावर याव्यात, अशी ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांची रास्त मागणी आहे.

पहिल्या सत्रात फक्त कळवा आणि मुरबाड या दोनच शाखा घ्यायच्या असे ठरले आहे: एक सर्वांत सोयीची आणि एक सर्वांत गैरसोयीची. प्रत्येक शाखेत एक वही ठेवली जाईल, तिच्यात तास किती वाजता सुरू झाला, मध्ये कशाने थांबला आणि पुढे कोणी चालू केला याची नोंद होईल. दोन्ही वह्या दिवाळीच्या सुट्टीत पाहिल्या जातील आणि उरलेल्या चार शाखांची खरेदी त्यानंतर. माइक, पडदे, दोन टीव्ही आणि शाखांसाठीचे दोन छोटे संगणक मागवले आहेत. सर्व्हरचे कोटेशन परत पाठवले आहे.